धुऱ्यावरची ज्वारी

पूर्णा स्टेशनातून बाहेर पडलं की रसवंतीच्या अंगाला दैवशालाचा फोटो स्टुडिओ लागतो. काउंटरच्या काचेखाली काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे कायम ठेवलेले असतात, सुताराच्या गुण्यासारखे. ती त्यांना गुण्येच म्हणते. छापलेल्या फोटोवर दोन्ही गुण्ये समोरासमोर ठेवले की मधे एक चौकट तयार होते. मग एक जरा आत, दुसरा जरा वर, असं सरकवत ती ठरवते, फोटोतलं काय ठेवायचं आणि काय कापायचं. हे काम कॉम्प्युटरवर माउसच्या एका ओढीत होतं, हे तिला माहीत नाही असं नाही. पण ती म्हणते, "स्क्रीनवर कापलेलं वापस आणता येतं, म्हणून माणूस विचार न करता कापतो."

माझी तिची ओळख एका बाकामुळे झाली. एम.ए.च्या दिवसांत परभणीची गाडी चुकली की मी तिच्या स्टुडिओतल्या लाकडी बाकावर बसून राहायची. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला तिचे वडील बसलेले असायचे, चंद्रभान आबा. गावाहून सकाळच्या एसटीनं यायचे, शटर उघडायचे, झाडून काढायचे आणि संध्याकाळपर्यंत रस्त्याकडे बघत बसायचे. शेतकरी माणूस, अंगापिंडानं धड, पेरणीच्या दिवसांतही इथं का बसतो, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं.

दैवशाला मोठ्यानं बोलत नाही. कुणाशी भांडलेली मी तिला पाहिली नाही. एकदा एका गिऱ्हाइकानं तिच्या कामाला नावं ठेवली, तेव्हा तिनं त्याचा फोटो मुकाट पुन्हा काढून दिला. पुढच्या वर्षी तोच माणूस लेकीच्या लग्नाची तारीख घेऊन आला, तर तिनं कॅलेंडरकडे न बघताच सांगितलं, "त्या दिवशी मी रिकामी न्हाई." ती रिकामी होती. त्या दिवशी आम्ही दोघी नदीवर गेलो होतो.

लग्नं, बारशी, ओळखपत्राचे फोटो यांवर तिचा स्टुडिओ चालतो. भिंतीवर मात्र रानाचे फोटो आहेत. उन्हाळ्यातली आटलेली नदी. वेचणी झालेली पऱ्हाटी. रेल्वेच्या पुलाखालची सावली आणि तिच्यात बसलेली एक म्हैस. पहिल्यांदा बघताना वाटतं, यात काय विशेष, असंच तर दिसतं. मग लक्षात येतं की असं फोटोत कधी दिसत नाही. एक तर आभाळ पांढरंफटक होतं, नाही तर जमीन काळीठिक्कर.

"आपला डोळा लय लबाड हाय," ती म्हणते. "आभाळाकडं बघितलं की बारीक व्हतो, सावलीत गेला की मोठा. आन् हे इतकं गुपचूप करतो की आपल्याला वाटतं, समदं एकदमच दिसलं." कॅमेऱ्याला हे जमत नाही. म्हणून ती कॅमेरा तिपाईवर बसवते आणि जराही हलू न देता एकाच जागेचे तीन फोटो घेते: एक अंधारा, आभाळासाठी, एक मधला, एक उजळ, सावलीतल्या मातीसाठी. मग तिन्ही एकावर एक बसवते. याला एचडीआर म्हणतात आणि हल्ली ते प्रत्येकाच्या मोबाईलमध्येही असतं. पण मोबाईल थांबत नाही. सावली पार पुसून टाकतो, गवत पोपटी करतो, आभाळाला जांभळी झाक आणतो. सकाळी सकाळी सुप्रभात म्हणून येणाऱ्या चित्रांसारखं. लोकांनाही तेच आवडतं.

"ताई, जरा कलर उठवा की," एका नवरदेवानं माझ्यासमोर तिला सांगितलं होतं.

"उठवलेत. आता जरा बसू द्या त्यांना," ती म्हणाली.

हे थांबणं तिला सिताराम काकांनी शिकवलं. स्टुडिओ मूळचा त्यांचा. बारावीनंतर ती त्यांच्याकडे कामाला लागली. आता ते डोळ्यांनी थकले आहेत आणि नांदेडला लेकीकडे असतात. ते तिला सांगायचे, फोटो बघून माणसानं आधी म्हणावं, हे कुठलं गाव? रंग आधी दिसला तर तू चुकलीस.

आबा बाकावर का बसतात, ते तिनं मला एका दुपारी सांगितलं. आबा समोरच होते. ती त्यांच्यादेखत बोलली आणि त्यांनी मान वळवली नाही.

त्यांचं गाव चुडाव्याच्या पुढे, रेल्वे लाइनीला लागून. गावातली अर्धी घरं दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात. तीही लहानपणी जायची. उसाच्या फडात पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, अभ्यास आणि चैत्रात परत आल्यावर परीक्षा. पुढे ती पूर्ण्याला राहिली आणि आई-आबा दोघंच जायला लागले. त्यांच्या रानाला लागून आबांच्या चुलत पुतण्याचं, भागवतचं रान. मधे धुरा. दोन रानांच्या मधल्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. हा चांगला रुंद होता, बैलगाडी जाईल एवढा. त्यावर बोरीची झुडपं होती. आबांच्या वडिलांनी आणि भागवतच्या आजोबांनी, म्हणजे दोघा सख्ख्या भावांनी, मिळून माती टाकून तो घातला होता.

दरवर्षी चैत्रात परत यावं तर धुरा थोडा बारीक झालेला असायचा. भागवतचा नांगर दरवर्षी थोडा आत यायचा. आबा काही बोलायचे नाहीत. एका चैत्रात मात्र ते परतले तेव्हा धुराच नव्हता. बोरी नव्हत्या, हद्दीचा दगड नव्हता. भागवतनं ट्रॅक्टर घालून सगळं एक केलं होतं आणि धुऱ्याच्या अलीकडची आबांची काही तासं, म्हणजे पिकाच्या ओळी, त्याही आपल्यात ओढून घेतल्या होत्या. नवी हद्द म्हणून एक बारीकशी सरी मारून ठेवली होती.

मोजणी लावायला आबा तयार नव्हते. सरकारी माणूस भावकीत फीत घेऊन उभा राहिला की पुन्हा एकमेकांच्या दारात जाता येत नाही, असं ते म्हणाले. त्यांनी मारुतीच्या पारावर चार माणसं बोलावली. दैवशालाही गेली होती. बायकांच्या मागे उभी होती.

"धुरा हितं व्हता, भागवता," आबा म्हणाले. "तुला ठावं हाय."

भागवत हसत हसत पुढे आला. "काका, तुमी सा महिने भाईर. तुमाला काय ठावं हितं काय व्हतं? तुमचा धुरा तिकडं फडातच ऱ्हायला आसंल बगा. कोपीत हुडकला का?"

सगळा पार हसला. वाईट म्हणून कुणी हसलं नसेल. बोलणंच तसं होतं. कुणाला तरी ठसका लागला.

"आबा बी थोडं हसले," दैवशाला मला म्हणाली. "तेवढं मी इसरणार न्हाई."

त्यानंतर आबांनी रान बटईनं, म्हणजे वाट्यानं, कसायला दिलं आणि ते पुन्हा तिकडे गेले नाहीत. ऊस तोडायला जाणंही बंद केलं. गावात कुणी भेटलं की गमतीनं विचारायचं, "आबा, सापडला का धुरा?" म्हणून ते पूर्ण्याला येऊन बाकावर बसतात. आई गावातच आहे, रोजानं खुरपायला जाते. कुणाच्याही रानात जाते, भागवतचं सोडून.

"तुला ती जमीन परत हवीय का?" मी विचारलं.

"जमिनीचं पुढं बघू. पयले त्याच्या तोंडून पायजे," ती म्हणाली. "धुरा हितं व्हता, एवढंच. पारावर व्हते तसल्या चार माणसांत."

त्यानंतरच्या हिवाळ्यात ती नांदेडहून सकाळच्या पॅसेंजरनं येत होती. चुडावा यायच्या आधी खिडकीतून आपलं रान दिसतं, म्हणून ती नेहमी त्याच बाजूला बसते. ऊन नुकतं वर आलेलं, अगदी तिरपं. भागवतच्या ज्वारीत तिला एक पट्टी दिसली. बाकीच्या पिकापेक्षा थोडी उंच, थोडी गर्द, आणि तिच्या कडेला बारीक सावली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलेली. गाडी पुढे गेली. दुपारी ती मुद्दाम रानात जाऊन उभी राहिली, तर काहीच कळेना. माथ्यावरच्या उन्हात सगळी ज्वारी सारखी.

पण ती शेतकऱ्याची लेक आहे. तिला कळलं. धुऱ्याची माती दोन पिढ्या पिकाखाली आली नव्हती. तिच्यात बोरीचा पाला, गवत, शेण मुरलेलं. ती कोरी माती नांगरून पसरली गेली तरी होती तिथंच, आणि तिच्यावरची ज्वारी तरारून वर आली होती.

दुसऱ्या दिवशी ऊन वर येताना तिनं रेल्वेच्या भरावावरून मोबाईलमध्ये फोटो काढून आबांना दाखवला. आभाळ पांढरं आणि रान काळं आलं होतं. आबा मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "काय दिसना गं." मग तिनं मोबाईलचं एचडीआर लावून काढला. रान पोपटी झालं आणि पट्टी त्या पोपटी रंगात बुडून गेली.

तिथून पुढे दर हिवाळ्यात ती तिथं जायला लागली, तिपाई घेऊन. तिच्या भिंतीवरच्या रानाच्या फोटोंकडे लोक कौतुकानं बघायचे. ते सगळे त्या एका फोटोच्या तयारीचे फोटो होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पट्टी पकडायला तिला जमू लागलं, तरी तो फोटो तिनं कुणालाच दाखवला नाही.

"दाखवत का नाहीस?" मी विचारलं होतं.

"मी दाखवला की मनतील, कॉम्प्युटरवर केलं. पोरगी त्याच धंद्यात हाय." तिनं लेन्सवर फुंकर मारली. "त्यानं सोताच्या हातानं लावला पायजे."

गेल्या कार्तिकात भागवत स्वतः स्टुडिओत आला. पांढरा कडक सदरा, हातात गाडीची चावी. त्यानं रान आता बटईला दिलेलं, तो परभणीला राहून दुकान बघायचा. गावात मात्र त्यानं मोठं घर बांधलं होतं.

"दैवू, येक काम हाय," तो काउंटरवर रेलून म्हणाला. "समदे लोकं हॉलात धबधबा लावायलेत. मनलं, आपुन आपलं रान लावू. भिंतभर. वास्तुशांतीच्या आत पायजे. घरातलीच फोटोवाली आसताना भाईर कामून जायचं?"

"काढते की, दादा," दैवशाला म्हणाली.

"मोठं दिसलं पायजे मात्र रान. न्हाई तर मनतील, एवढ्याशा रानाचा एवढा मोठा फोटो." तो आबांकडे वळला. "बरंय का, काका?"

"बरं हाय," आबा म्हणाले.

तो गेल्यावर तिनं रस्त्याकडे पाठ केली आणि काचेखालचे गुण्ये काढून फडक्यानं पुसायला लागली. ते स्वच्छच होते. तिचा चेहरा मी त्यापूर्वी इतका शांत पाहिला नव्हता आणि मला थोडी भीती वाटली.

मार्गशीर्षात मी एकदा तिच्याबरोबर गेले. रेल्वेच्या भरावाच्या कडेला आम्ही उभ्या राहिलो. खाली डावीकडे आबांची तूर, शेंगांनी वाकलेली. मग बारीक सरी, भागवतनं ठरवलेली हद्द. तिच्यापलीकडे पोटऱ्यात आलेली, कणसं धरू लागलेली ज्वारी थेट विहिरीपर्यंत. दहिवर पडलेलं. सूर्य वर आला तशी ज्वारीच्या पानांवर एक फिकट चमक सरकत गेली, आणि तिच्या मागोमाग ती पट्टी उमटली. जमिनीखालून कुणी बोट फिरवत जावं तशी. दैवशालानं तीनदा बटण दाबलं. कॅमेरा जराही हलला नाही. थोड्या वेळात ऊन चढलं आणि पट्टी विरून गेली.

"संपलं," ती म्हणाली आणि तिपाई मिटायला लागली. "रोज येवढ्याच येळेपुरता हजर ऱ्हातो आमचा धुरा."

स्टुडिओत तिनं तिन्ही फोटो एकावर एक बसवले. मी शेजारी बसले होते. सावली उजळत उजळत ती पुढे गेली, तशी पट्टीच्या कडेची काळी रेघ पातळ होत नाहीशी झाली. ती मागे आली. फार मागे आली तेव्हा सगळं रानच एक काळा ढीग झालं. पुन्हा पुढे. एका जागी तिनं हात उचलला. तिथं आभाळ आभाळासारखं होतं, तुरीच्या शेंगा दिसत होत्या आणि ज्वारीत ती पट्टी होती. तिच्याकडे बोट दाखवलं नाही तर नजरेला न येणारी, आणि एकदा आली की पुन्हा न जाणारी.

मग गुण्ये. आधी तिनं पट्टी मधोमध ठेवून पाहिली. "ह्ये बोंबलायलंय," ती म्हणाली. मग अगदी डाव्या काठाला. तिथं ती फोटोची कडच वाटायला लागली. मग तिनं डावा गुण्या बाहेर सरकवला, आबांची तूर थोडी आत घेतली, वरचं आभाळ थोडं कमी केलं, आणि पट्टी डावीकडून जरा आत, जिथं नजर आपोआप टेकते, तिथं येऊन बसली. उजवीकडे भागवतची विहीर आणि आंब्याचं झाड. मी पाहत होते. एका माणसाचं तोंड कुठे उघडायचं, याची ती जागा शोधत होती.

तिनं भागवतपुढे दोन नमुने ठेवले. एक विहीर आणि आंबा धरून आखूड कापलेला, खरं तर फार देखणा. त्यात पट्टी नव्हती. दुसरा हा.

"ह्यो," भागवत लगेच म्हणाला. "ह्यात रान कसं रुंद दिसायलंय बग. त्या पयल्यात तर आर्धं गायब केलंस तू."

"पयला चांगला हाय, दादा," ती म्हणाली. "ईचार करा."

"चांगलं-वंगलं ठेव. ह्योच. आन् आभाळ जरा भडक कर."

"भडक केलं तर चार दिसात डोळ्यावर येतंय. भिंतीवर वर्सानुवर्स बगायचाय."

"बरं, तसंच दे."

तिनं त्याला दुसरी वाट दिली होती. हे ती मला पुढे पुन्हा पुन्हा सांगायची. "मी दोन दिले व्हते. निवडला त्यानं."

वास्तुशांतीला गाव लोटला होता. दैवशालाबरोबर मीही गेले होते. हॉलमध्ये सतरंज्या टाकून पंगत बसली, बुंदी आणि पुऱ्या फिरायला लागल्या. समोरच्या भिंतीवर, सोफ्याच्या वर, रान. लोक येता-जाता मान वर करून बघत होते. "आगं, ती इहीर." "आंबा बग, वाकलेला." भागवत सगळ्यांना सांगत होता, "आमच्या दैवूनं काढलाय. घरचंच."

बायकांच्या ओळीत तानुबाई होती. गावातली सगळ्यात जुनी खुरपणारी. शिवारातल्या सगळ्या रानांत बसून बसून सरकलेली. ती पुरी हातात धरून थांबली.

"आरं, ह्यो तर चंद्रभानचा धुरा," ती म्हणाली.

"कुटं, मावशी?" कुणीतरी विचारलं.

"त्यो का. ज्वारी उंच झालीय बग लायनीनं. तितंच बोरीच्या बुडाला बसून मी बोरं खाल्लीत की."

पंगतीतली तोंडं एकामागून एक वर झाली. ही सगळी माणसं पीक बघून जमीन ओळखणारी. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. एक म्हातारे गृहस्थ हात धुवायला उठले होते, ते तसेच भिंतीजवळ गेले आणि खरकट्या बोटानं, काचेला न लावता, वरून खाली रेघ ओढत म्हणाले, "कोरी माती लागलीय हिला. सरळ गेलाय. आन् ही सरी बगा, चंद्रभानच्या रानात कितीक आत."

"आवो, खत जास्त पडलं आसंल तिथं," भागवत म्हणाला. तो अजून हसत होता.

"खत काय दोरी धरून टाकतेत का रं?" तानुबाई म्हणाली.

मागच्या ओळीतून एकजण ओरडला, "आरं, फडातनं वापस आला म्हना की धुरा!"

सगळी पंगत हसली. तोच हशा होता, तीच माणसं होती. मी दैवशालाकडे पाहिलं. ती वाढायला उभी होती, हातात वरणाचं भगुणं. ती हसली नाही. तिनं पुढच्या पानावर वरण वाढलं.

भागवतला फोटो काढून टाकता येईना. काढला तर गाव म्हणणार, बघा. ठेवला तर येणारा प्रत्येक माणूस पाणी प्यायच्या आधी भिंतीकडे बघायला लागला. त्याची बायकोच म्हणाली म्हणे, पाव्हण्यांसमोर बसू वाटंना. शेवटी त्यानं दैवशालाला फोन केला. डावीकडून जरा कापून दे, बाकी तसाच राहू दे.

"आणा की," ती म्हणाली. "बाजाराच्या दिवशी आणा. त्या दिवशी मी स्टुडिओतच आसते."

बाजाराच्या दिवशी त्यांच्या गावची माणसं पूर्ण्याला येतात आणि एसटीची वाट बघत तिच्या बाकावर, पायरीवर टेकतात, हे त्याला आठवायला हवं होतं. पण तो गावात राहत नव्हता. तो टेम्पोत फ्रेम घालून आला, तेव्हा पायरीवर तानुबाई मेथीच्या जुड्या घेऊन बसली होती. तिच्या शेजारी त्या दिवशी पारावर हजर असलेली दोघं-तिघं. बाकावर आबा आणि मी.

दैवशालानं मागची पाठ उचकून फोटो बाहेर काढला आणि काउंटरवर पसरला. मग काचेखालचे गुण्ये काढून त्याच्या हातात दिले.

"मला काय देतीस? तूच काप."

"मी कापलं आन् तुमाला पटलं न्हाई तर? येकदा कापलं की वापस येत न्हाई, दादा. तुमीच लावा. हितवर, मना, मी तितवर कापते."

त्यानं पुठ्ठा फोटोच्या डाव्या कडेला ठेवला आणि आत सरकवायला लागला. तूर गेली. सरी गेली. तो थांबला नाही. सरीच्या पुढची ज्वारीची तासं गेली. मग पट्टीवर आल्यावर तो हळू झाला. पट्टी झाकली. अगदी कडेनं झाकली, ज्वारीचं एक ताटही बाहेर दिसू दिलं नाही आणि त्याच्या पलीकडचं एकही आत घेतलं नाही. सुताराला लाजवील असा नेमका गुण्या धरून तो म्हणाला, "हितवर."

"हितवरच कामून?" तिनं विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक होता. "आजून थोडं आत घेऊ? इहिरीपसून बरं दिसंल."

"न्हाई न्हाई. हितनं अलीकडं आमचं हाय, ते कामून कापतीस?"

"आन् पलीकडचं?"

त्याचा हात फोटोवर होता. त्यानं वर पाहिलं. पायरीवरची सगळी त्याच्याकडे बघत होती. तानुबाईनं मेथीची जुडी मांडीवर ठेवली होती.

"पलीकडचं कुनाचं, दादा?"

त्यानं पुठ्ठा आणखी दाबून धरला. मग फोटोकडे बघत, पुटपुटल्यासारखं म्हणाला, "काप ना बाई. हितंच हाय ती रेघ. हितंच व्हती."

दैवशालानं पेन्सिलीनं पुठ्ठ्याच्या कडेनं रेघ मारली. लोखंडी फूटपट्टी आणि पाती घेतली आणि एका ओढीत फोटो कापला. कागद फाटल्याचा आवाज नाही, फक्त एक लांब सुळ्‌कन.

बाकावरून आबा उठले. मी त्यांना त्या वेळेला उठताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी टोपी नीट केली.

"मंग उद्या दगड रोवतो, भागवता," ते म्हणाले.

भागवतनं उरलेला फोटो आणि फ्रेम उचलली आणि तो टेम्पोकडे गेला.

दुसऱ्या दिवशी आबांनी पहार घेऊन भागवतच्या उभ्या ज्वारीत, पट्टीच्या मधोमध, दगड रोवला. काढणीला भागवतचा बटईदार त्या दगडापाशी येऊन थांबला आणि पुढची तासं तशीच ठेवून माघारी फिरला. ती आई-आबांनी काढली. भागवतच्या हॉलमध्ये फोटो अजून आहे, पण आता तो आखूड आहे. सोफ्याच्या वर डावीकडे एक रिकामा खिळा राहिला आहे. येणारे त्याबद्दल विचारतात.

मला वाटलं, आता दैवशाला निवळेल. मी तिला तसं म्हटलंही. ती स्टुलावर चढून भिंतीवर काहीतरी ठोकत होती. तो कापलेला तुकडा होता, उभा, अरुंद, काचेत बसवलेला. थोडी तूर, बारीक सरी, काही तासं आणि काठाला ती गर्द ज्वारी. तिनं तो जिथं लावला ती जागा मला आधी कळली नाही. इतर फोटोंच्या ओळीत नव्हता. तो ओळखपत्राचे फोटो काढायच्या कोपऱ्यात होता, कॅमेऱ्याच्या बरोबर वर.

"हसले व्हते ते समदे बाकीच हायेत," ती खाली उतरत म्हणाली. "फोटोला तर समद्यांनाच यावं लागतं."

परवा मी गेले तेव्हा तिच्या गावचा एकजण स्टुलावर बसला होता, कसल्याशा अर्जासाठी. पारावर ज्याला ठसका लागला होता, तोच. दैवशालानं त्याची हनुवटी दोन बोटांनी वर केली.

"त्या पट्टीकडं बगा," ती म्हणाली. "हां. नीट बगा."

त्यानं पाहिलं. मग ओळखून ओशाळं हसायला लागला.

"हसू नका," दैवशाला म्हणाली आणि तो पुरता गंभीर होईपर्यंत बटणावर बोट ठेवून थांबून राहिली.